ॲल्युमिनियमला उजेडाचं पाणी!



‘झिजणे’ या क्रियापदावरचे वाक्प्रचार तुम्ही परीक्षेत नक्की लिहिले असतील. चंदनासारखे झिजणे, उंबरठे झिजवणे, चपला झिजवणे. यातला पहिला सोडला, तर बाकीच्या झिजण्यात कुणालाच आनंद नसतो. सहाणेवर चंदनाचं खोड झिजतं तेव्हा निदान सुगंध तरी सुटतो. पण मोटारसायकलच्या इंजिनातला पिस्टन झिजला की काय सुटतं? निळसर धूर! आणि वर बाबांच्या खिशाला चाट.

आज आपण या झिजेचीच गोष्ट पाहणार आहोत. नुसती रडकथा नाही बरं का! शास्त्रज्ञांनी या झिजेवर एक नामी उपाय शोधला आहे. तो आहे उजेडाचा. उजेडाच्या एका जोरकस किरणाने धातूची फक्त वरची कातडी बदलायची आणि आतला धातू जसाच्या तसा ठेवायचा. हे कसं जमतं, ते आता पाहू.

हलकं, कामाचं, पण मऊ

तुमच्या स्वयंपाकघरात एखादं ‘जर्मन’चं पातेलं असेलच. आजी अजूनही त्याला जर्मनच म्हणत असेल. कुणी ‘जर्मल’ म्हणतात. हे जर्मन म्हणजेच ॲल्युमिनियम.

हा धातू मोठा गुणी आहे. एक घन सेंटिमीटर लोखंडाचं वजन सुमारे ७.९ ग्रॅम भरतं, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमचं फक्त २.७ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशच! शिवाय तो लोखंडासारखा तांबडा गंजत नाही आणि उष्णताही झटकन पसरवतो. म्हणून तर दुधाच्या कॅनपासून विमानापर्यंत आणि खिडकीच्या चौकटीपासून इंजिनापर्यंत तो सगळीकडे दिसतो.

तो मिळतो बॉक्साइट नावाच्या दगडातून. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत बॉक्साइटचे साठे आहेत. त्या दगडातून ॲल्युमिनियम वेगळं काढायला मात्र भरमसाट वीज लागते. एक किलो ॲल्युमिनियमला साधारण १४ युनिट! हा आकडा लक्षात ठेवा. शेवटी त्याचं काम आहे.

मग या गुणी धातूत खोट कोणती? तो मऊ आहे. जर्मनच्या झाकणावर खिळ्याने रेघ ओढलीत तर लगेच ओरखडा उमटेल. (आईला विचारल्याशिवाय ओढू नका!) इंजिनासाठी म्हणून त्यात दुसरे पदार्थ मिसळून मिश्रधातू करतात. पिस्टनच्या नेहमीच्या मिश्रधातूत शंभर भागांत सुमारे १२ भाग सिलिकॉन असतं, आणि तांबं, निकेल, मॅग्नेशियम साधारण एकेक भाग. सिलिकॉन म्हणजे वाळूत असतं ते मूलद्रव्य.

या सिलिकॉनचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये ठिकठिकाणी रुतून बसतात. डांबरी रस्ता आठवा. डांबर मऊ असतं, पण त्यातली खडी कठीण असते. चाकाचा मारा ती खडी सोसते. पिस्टनमध्येही तसंच. सिलिकॉन ही खडी आणि ॲल्युमिनियम हे डांबर!

तासाला ३६ किलोमीटर घासणं

आता एक छोटं गणित करू. वही-पेन्सिल घ्या.

शंभर सीसीच्या मोटारसायकलीत पिस्टन साधारण ५ सेंटिमीटर वर जातो आणि ५ सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात १० सेंटिमीटर. गाडी जोरात पळताना इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं असं धरू. मग एका मिनिटात पिस्टन किती घासला? ६०० मीटर. आणि एका तासात? ३६ किलोमीटर! गाडी रस्त्यावरून पळतेच आहे. पण तिच्या पोटातला पिस्टनसुद्धा तासाभरात राहाता ते शिर्डी अशा पाच-सहा खेपा घासत घासत करतो. तेही तापलेल्या सिलिंडरमध्ये, आगीच्या स्फोटांचा मार खात.

मधे ऑइलचा पातळ थर असतो म्हणून बरं. नाहीतर काही मिनिटांतच दोन्ही धातू एकमेकांना चिकटून बसतील. यालाच गॅरेजवाले ‘इंजिन सीज झालं’ म्हणतात. ही झाली चिकटून होणारी झीज. दुसरी झीज ओरखड्यांची. आपल्याकडे नगर-मनमाड रस्त्यावर उन्हाळ्यात किती धूळ उडते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. एअर फिल्टर फाटका असेल तर ते थेट सिलिंडरमध्ये शिरतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत राहतात.

पिस्टनच्या कडेला खाचा असतात. त्यांत पोलादाच्या किंवा बिडाच्या रिंगा बसवलेल्या असतात. रिंग कठीण, खाच मऊ. रिंग हलून हलून खाच रुंद होते. मग स्फोटाची हवा खाली निसटते, गाडीची ओढ कमी होते, ऑइल वर चढून जळतं आणि निळसर धूर निघू लागतो. मिस्त्री सांगतात, “इंजिनचं काम निघालं. बोअर करावा लागेल, पिस्टन-रिंगा नव्या टाकाव्या लागतील.” खर्च ऐकून घरातले सगळे एकमेकांकडे पाहतात. त्यातून गाडी रोज दूध घालायला जाणारी असेल, तर गाडीबरोबर कामही अडतं.

तुम्ही म्हणाल, “मग अख्खा पिस्टनच पोलादाचा करा ना!” काही मोठ्या डिझेल इंजिनांत तसे पिस्टन असतातही. पण सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होणारी वस्तू जड असली की ती दर वेळी थांबवायला आणि पुन्हा पळवायला जास्त जोर लागतो. हादरे वाढतात. म्हणून मोटारसायकलीला हलका पिस्टनच बरा.

हलकेपणाही हवा आणि कठीणपणाही हवा. आता काय करायचं?

लोहाराची युक्ती

याचं उत्तर आपल्या गावातल्या लोहाराला फार पूर्वीपासून माहीत आहे.

ऊसतोडणी सुरू होण्याआधी कोयते लोहाराकडे येतात. लोहार कोयत्याची धार भट्टीत लाल करतो आणि चर्रकन पाण्यात बुडवतो. याला म्हणतात ‘धारेला पाणी देणे’. अशाने धारेचं पोलाद कठीण होतं. पण अख्ख्या कोयत्याला तो असं पाणी देत नाही. कारण सगळाच कोयता तेवढा कठीण केला तर तो काचेसारखा कडक होईल आणि उसाच्या कांडीवर घाव बसताच तुटेल. म्हणून धार कठीण आणि पाठ चिवट. जिथे काम, तिथेच कठीणपणा!

इंजिनिअरांनाही हेच करायचं होतं. पण ॲल्युमिनियमच्या बाबतीत दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे लाल करून पाण्यात बुडवलं की पोलाद जसं एकदम कठीण होतं, तसं ॲल्युमिनियम होत नाही. त्याचे काही मिश्रधातू तापवून-निववून थोडे कठीण होतात, पण पोलादाची सर त्यांना नाही. दुसरी अडचण, हा धातू उष्णता फार लवकर पसरवतो. लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट! एक कोपरा तापवायला जावं तर सगळा तुकडाच तापतो. आणि ६६० अंश सेल्सिअसला तो वितळतो.

म्हणजे अशी भट्टी हवी, जी एका ठिपक्यावरच नेम धरेल आणि उष्णता आत पसरायच्या आत काम उरकून पुढे सरकेल. अशी भट्टी म्हणजेच लेसर!

लेझीम आणि लेसर

दिव्याचा उजेड आणि लेसरचा उजेड यांत फरक काय? दिव्याचा उजेड म्हणजे आठवडे बाजारातली गर्दी. जो तो आपल्या वाटेने, आपल्या चालीने. लेसरचा उजेड म्हणजे शाळेचं लेझीम पथक. सगळे एका दिशेला तोंड करून, एकाच ठेक्यावर पाऊल टाकणारे! अशा शिस्तीतल्या प्रकाशलहरी भिंगाने किंवा आरशाने एका ठिपक्यावर गोळा केल्या की त्यांचा जोर धातू वितळवण्याइतका होतो.

असा प्रकाश कसा तयार होऊ शकेल, याचं मूळ तत्त्व आइनस्टाइन यांनी १९१७ साली मांडलं. प्रत्यक्ष पहिला लेसर मात्र १९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी तयार केला. त्यांनी त्यासाठी वापरला माणकाचा कांड्यासारखा स्फटिक. आता गंमत पाहा. माणिक कशाचं बनलेलं असतं? ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचं! त्यात चिमूटभर क्रोमियम मिसळलेलं असतं, म्हणून ते लाल दिसतं. म्हणजे जर्मनच्या पातेल्यातलं मूलद्रव्यच पहिल्या लेसरच्या पोटात होतं.

आणि यानंतरची गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. २ जुलै १९३८ रोजी बारामतीत एका मुलाचा जन्म झाला. त्याचं नाव चंद्रकुमार नारणभाई पटेल. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन तो अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेला आणि पुढे तिथल्या बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाला. १९६४ साली डॉ. पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. होय, आपण उच्छ्वासातून सोडतो आणि सोडा वॉटरच्या बाटलीत फसफसतो तोच वायू! त्यात नायट्रोजन आणि हेलियम मिसळून विजेच्या जोरावर हा लेसर चालतो. त्याचा किरण डोळ्यांना दिसतही नाही, पण तो फार ताकदवान करता येतो. त्यामुळे पत्रे कापणं, जोडणं आणि धातूच्या पृष्ठभागावर संस्कार करणं ही कामं कारखान्यांत लेसरने होऊ लागली. १९९६ साली अमेरिकेने डॉ. पटेल यांना विज्ञानाचं राष्ट्रीय पदक दिलं.

किरण पडतो तेव्हा...

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. पिस्टनचा तुकडा यंत्रावर घट्ट बसवतात. वरून लेसरचा किरण येतो. त्याचा ठिपका असतो काही मिलिमीटरचा. किरण पडला की तेवढीच जागा वितळते. तीही वरवरच, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. किरण पुढे सरकला की मागची जागा क्षणात थिजते. मग शेजारून दुसरा पट्टा, मग तिसरा. अंगण सारवताना हाताचा एक फेर आधीच्या फेरावर थोडा चढवतात ना? तसेच हे पट्टेही एकमेकांवर थोडे चढवतात, म्हणजे मधे जागा सुटत नाही.

नुसतं वितळवून थिजवल्याने काय होतं? खडीसाखर आठवा. साखरेचा पाक सावकाश, दिवसचे दिवस थंड होऊ दिला की मोठमोठे खडे तयार होतात. तोच पाक घोटून चटकन थंड केला तर अगदी बारीक रवाळ साखर होते. धातूंचंही असंच आहे. साच्यात ओतलेला पिस्टन सावकाश निवतो, म्हणून सिलिकॉनचे कण मोठे आणि सुयांसारखे टोकदार वाढतात. लेसरने वितळलेला थर मात्र सेकंदाला हजारो अंशांच्या वेगाने थंड होतो, कारण खालचा गार धातू उष्णता शोषूनच घेत असतो. मग सिलिकॉनला मोठं व्हायला वेळच मिळत नाही. बारीक, एकसारखे कण सगळीकडे पसरतात आणि पृष्ठभाग कठीण होतो.

दुसरी रीत याहून पुढची. किरणाबरोबर निकेलसारख्या धातूची पूड सोडायची. ती वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये मिसळते आणि त्या जागी नवा, कठीण मिश्रधातू तयार होतो. पिस्टन आतून तोच, पण कातडी वेगळी!

तिसरी रीत डांबरी रस्त्याची. टायटॅनियम कार्बाइडसारख्या अतिशय कठीण पदार्थाचे कण वितळलेल्या थरात टाकायचे. ते न वितळता खडीसारखे तिथेच रुतून बसतात.

अशा थराचा कठीणपणा मूळ धातूच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त भरतो. झीज मोजायला प्रयोगशाळेत एक यंत्र असतं. फिरत्या चकतीवर धातूची छोटी कांडी ठरावीक वजनाने दाबून धरायची, ठरावीक अंतर घासू द्यायची आणि आधीचं व नंतरचं वजन मिलिग्रॅमपर्यंत मोजायचं. थोडक्यात, ही शास्त्रज्ञांची सहाणच म्हणा ना! ज्या कांडीचं वजन कमी घटलं, ती जिंकली.

वाटतं तितकं सोपं नाही!

पहिली पंचाईत अशी, की चकचकीत ॲल्युमिनियम हा उत्तम आरसा आहे. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण त्यावर टाकला, तर शंभरातले ९५ हून जास्त भाग सरळ परत फिरतात! उरलेल्या तीन-चार भागांत काय वितळणार? यावर उपाय साधा आहे. पृष्ठभाग आधी काळा करायचा, ग्रॅफाइटचा थर देऊन. ग्रॅफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलीतलं शिसं. किंवा मग ज्या किरणांना ॲल्युमिनियम थोडं जास्त शोषतं, अशा कमी तरंगलांबीचे लेसर वापरायचे. आजचे फायबर लेसर तसे असतात.

हे तुम्हालाही करून पाहता येईल.

*करून पाहा :* सारख्या आकाराचे दोन रिकामे डबे घ्या. एक चकचकीत राहू द्या, दुसऱ्याला बाहेरून काळा रंग द्या. दोन्हींत सारखंच पाणी भरून झाकणं लावा आणि दोन तास उन्हात ठेवा. मग बोट बुडवून पाहा. कोणत्या डब्यातलं पाणी जास्त गरम झालं? का?

दुसरी पंचाईत बुडबुड्यांची. हवेतल्या दमटपणातला हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये विरघळतो आणि थिजताना बाहेर पडू पाहतो. सगळा बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर इडलीसारखी जाळी पडते. जाळीदार इडली चांगली, जाळीदार पिस्टन वाईट! म्हणून धातू आधी स्वच्छ, कोरडा करतात आणि काम चालू असताना त्यावर आर्गन वायूची फुंकर सोडतात.

तिसरी पंचाईत मोठी गमतीची आहे. सिलिकॉन कार्बाइड हा पदार्थ खूप कठीण, म्हणून त्याचे कण मिसळून पाहिले. पण किरण जास्त तापला की या कणांतला कार्बन ॲल्युमिनियमशी संयोग पावतो आणि ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. त्याला पाणी लागलं की मिथेन वायू सुटतो. तोच तो, गोबर गॅसमधला! मग थर कठीण व्हायच्या ऐवजी हळूहळू पोखरला जातो. म्हणून किरणाची ताकद आणि वेग अगदी मोजूनमापून ठेवावा लागतो. पाक एकतारी की दोनतारी, हे आई जशी नेमकं ओळखते, तसंच.

हे कुठे चालतं?

जपानच्या टोयोटा कंपनीने १९९० च्या दशकातच ही विद्या इंजिनात आणली. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह जिथे आपटत राहतो, त्या जागी तांब्याच्या मिश्रधातूचा थर लेसरने चढवण्याची रीत त्यांनी तयार केली. वेगळी कडी ठोकून बसवायला नको. थर थेट हेडशी एकजीव!

आपल्या देशातही लेसरवर काम झालं आहे. इंदूरला १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. डॉ. दिलीप भवाळकर हे त्याचे संस्थापक संचालक. आज ही संस्था राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखली जाते. धातूंवर काम करणारे ताकदवान लेसर तिथे देशातच बनवले गेले.

तुमच्या गावातल्या गॅरेजमध्ये मात्र लेसर एवढ्यात दिसणार नाही. यंत्र महाग आहे आणि ते चालवायला तरबेज माणूस लागतो. साध्या मोटारसायकलीत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून बिडाची नळी बसवणं स्वस्त पडतं. कुठे निकेलचा लेप देतात. स्वयंपाकघरातल्या काळसर ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ तव्यावर विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा जाड थर चढवलेला असतो. म्हणजे माणिक ज्याचं बनतं, त्याच पदार्थाचा! लेसर वापरतात तो जिथे भाग महागडा आहे, किंवा झिजलेली तेवढीच जागा भरून तो भाग पुन्हा वापरात आणायचा आहे तिथे.

आता तो १४ युनिटांचा आकडा आठवा. झिजलेला एक भाग फेकून नवा केला की तेवढी सगळी वीज पुन्हा लागते. भंगार वितळवून केला तर फार थोडी लागते, नव्याच्या सुमारे पाच टक्के. पण भाग झिजलाच नाही, किंवा झिजलेला मिलिमीटरभर थर तेवढा भरून निघाला, तर सर्वांत उत्तम! म्हणून हा मिलिमीटरभर कातडीचा अभ्यास इतका मोलाचा आहे. तो करायला धातुशास्त्र, यंत्रशास्त्र, भौतिकशास्त्र अशा सगळ्यांची गरज लागते. आपल्या राहाता तालुक्यातच लोणीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या तिथे शिकताना हाच विषय घेतला, तर नवल नाही.

पालकांसाठी दोन शब्द. लेसर घरी येईपर्यंत इंजिनाची झीज रोखायचे दोन जुने उपाय तुमच्या हातात आहेत : वेळेवर ऑइल बदलणं आणि एअर फिल्टर स्वच्छ ठेवणं. आणि एक सावधगिरी. जत्रेत मिळणारा खेळण्यातला लेसर पॉइंटरसुद्धा कधी कुणाच्या डोळ्यांवर मारू देऊ नका. तो धातू वितळवत नाही, पण डोळ्याला कायमची इजा करू शकतो.

मुलांनो, पुढच्या वेळी बाबांबरोबर गॅरेजमध्ये गेलात की मिस्त्रीकाकांकडून एक झिजलेला पिस्टन मागून घ्या. रिंगची खाच कुठे रुंद झाली आहे, ओरखडे उभे आहेत की आडवे, कोणती बाजू जास्त घासली आहे, ते नीट पाहा. आणि का, ते मिस्त्रीकाकांनाच विचारा. या विषयातले ते तुमचे पहिले गुरुजी!